उगाळलेला पाठ

शांघायमधल्या एका प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. मध्ये लांबट टेबल होते, प्रत्येकापुढे झाकणाचा कप आणि त्यातल्या गरम पाण्यात सावकाश उलगडत चाललेली चहाची पाने. टेबलाच्या एका बाजूला त्या शाळेत गणित शिकवणारे नऊ शिक्षक बसले होते आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातून गेलेले आम्ही एकोणीस जण. अर्ध्या तासापूर्वीच आम्ही सर्वांनी तिसरीच्या वर्गावरचा एक पाठ पाहिला होता. ज्या बाईंनी तो घेतला, त्या वही उघडून आणि पेन हातात धरून आमच्याकडे पाहत होत्या. दुभाषी मुलीने त्यांचा प्रश्न आम्हाला हिंदीतून सांगितला : पाठ कुठे कमी पडला, ते सांगाल का?

आम्ही एकामागून एक बोललो. पाठ अतिशय सुंदर झाला, मुलांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे आहे, असे आम्ही मनापासून सांगितले आणि त्यातले काहीच खोटे नव्हते. प्रत्येक वाक्याला त्या किंचित मान झुकवून आभार मानत होत्या. मात्र त्यांच्या वहीच्या पानावर एकही शब्द उमटत नव्हता. आमचे बोलणे संपल्यावर त्यांच्याच शाळेतले एक वयस्क शिक्षक बोलू लागले आणि बाईंचे पेन चालू लागले. ते पंचवीस मिनिटे बोलले, आणि त्या पंचवीस मिनिटांत त्यांनी पाठाची एकदाही स्तुती केली नाही.

ही गोष्ट ऑक्टोबर २०१९ मधली. दिवाळीच्या सुट्टीत चीनमधल्या शाळा चालू असतात, हे हेरून आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हा दौरा जमवला होता. बारा दिवस, शांघाय आणि बीजिंग, चार शाळा, थोडी प्रेक्षणीय स्थळे, आणि प्रत्येकाने आपापल्या बचतीतून भरलेले पैसे. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षे दुसरी-तिसरीच्या वर्गांना शिकवत होते. चीनला जायचे माझ्या मनाने घेतले, त्याला एक ताजे कारण होते. त्याच वर्षी जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले होते आणि महाराष्ट्रात मोठा वाद उसळला होता. विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणे सांगत होत्या, आणि माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना ती ऐकायचीच नव्हती. 'त्रेसष्ट', 'अठ्ठ्याहत्तर', 'एकोणनव्वद' हे माझ्या आईच्या तोंडचे शब्द. ते मोडणे म्हणजे घरातली जुनी भांडी मोडीत काढणे, असे मला वाटत होते. चिनी मुलांना हे सोपे जाते, असे त्या वादात कोणीतरी म्हटले होते. ते खरे आहे का, हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते.

ते खरे आहे. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक' आणि पंचवीस म्हणजे 'दोन-दहा-पाच'. एकपासून दहापर्यंतचे शब्द आणि ही रीत आली की मूल नव्याण्णवपर्यंत स्वतःच्या बळावर जाते. एकशेपाच म्हणताना तर ते 'एक-शे-शून्य-पाच' असे म्हणते, म्हणजे दशकाची जागा रिकामी आहे हेसुद्धा त्याच्या तोंडून बाहेर पडते. माझ्या वर्गातली मुले दरवर्षी 'एकशेपाच' हे १००५ असे लिहितात. 'पंचवीस' सांगितले तर कितीतरी जण ५२ लिहितात, कारण कानावर आधी 'पंच' पडते, आणि 'एकोणसाठ' मधला 'साठ' ऐकून ६९ लिहिणारे मूल प्रत्येक वर्षी असतेच. इतकी वर्षे मी या चुकांवर लाल शाईने फुली मारत आले होते. शांघायच्या त्या वर्गात मागच्या बाकावर बसून पहिल्यांदा माझ्या मनात आले की ही मुले चुकत नव्हती, ती मी म्हटलेला शब्द इमाने-इतबारे लिहून दाखवत होती.

अर्थात भाषेचे हे देणे एकतर्फी नाही, हेही मला तिथेच जाणवले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. बाजारात जाणारे मराठी मूल शाळेत अपूर्णांक शिकण्याच्या कितीतरी आधी पाव किलो आणि सव्वा लिटर हे शब्द जाणते, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तर पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ होती. साडेतीनला 'औट' म्हणणारी भाषा माझी आहे, याचा मला अभिमान आहे. आम्ही पाहिलेला पाठ अपूर्णांकांचाच असल्यामुळे हे सगळे मनात घोळत राहिले. एक तृतीयांशला चिनीत 'सान फन च यी' म्हणतात, म्हणजे 'तीन भागांपैकी एक'. आधी किती भाग केले ते सांगायचे आणि मग त्यांतले किती घेतले ते. व्याख्या शब्दाच्या पोटातच बसली आहे.

आता तो पाठ. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात चाळीसच्या आसपास मुले, गळ्यात लाल रुमाल. मुले उभी राहून "लाओशी हाओ" म्हणाली. लाओशी म्हणजे शिक्षक. त्यातल्या 'लाओ'चा अर्थ जुना, वयाने मोठा असा आहे, आणि तरुण शिक्षकालाही मुले तेच म्हणतात. बाईंनी एक कागदी गोल वर धरला. त्याचे चार भाग केलेले होते, त्यांपैकी एक रंगवलेला होता. हा चार भागांपैकी एक आहे का, असे त्यांनी विचारले. बहुतेक हात वर गेले. तिथली मुले कोपर बाकावर टेकवूनच हात वर करतात. एका मुलाला त्यांनी उठवले, तो "हो" म्हणाला. बाईंनी बरोबर की चूक, काहीच सांगितले नाही. त्याला पुढे बोलावून तो गोल त्याच्या हातात दिला आणि रेषांवर घड्या घालायला सांगितले. घड्या जुळेनात. चार भाग होते खरे, पण सारखे नव्हते. तो मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला, मग हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि सगळा वर्ग एकदम बोलू लागला. त्यानंतर चौकोन आला, त्रिकोण आला, मग एक विचित्र आकार आला ज्याचे भाग वेगवेगळ्या आकाराचे दिसत होते पण मापाने सारखेच होते. तासिका संपली तेव्हा फळा पूर्ण भरलेला होता आणि बाईंनी सुरुवातीपासून त्यावरचे एकही अक्षर पुसलेले नव्हते. कोणती गोष्ट फळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात येणार हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे शेवटी मुलांना सगळा पाठ एका नजरेत दिसतो. मी आयुष्यभर फळा लिहिला आणि पुसला, लिहिला आणि पुसला.

वयस्क शिक्षकांनी पंचवीस मिनिटांत जे सांगितले, ते मुख्यतः त्या असमान गोलाविषयी होते. त्यांचे म्हणणे असे की तो गोल पहिलाच आणण्याची घाई झाली; मुलांनी आधी दोन सारखे भाग हाताळायला हवे होते, म्हणजे चुकीच्या गोलाने बसणारा धक्का अधिक खोल गेला असता. दुसऱ्या एका बाईंना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, चूक पहिल्याच क्षणी झाली म्हणूनच तो मुलगा इतका वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग तिसऱ्यांनी विचारले की घडी घालायला त्याच मुलाला का बोलावले. चर्चा तापत गेली, दुभाषी मुलगी मागे पडू लागली, आणि ज्यांचा पाठ होता त्या बाई सगळे टिपून घेत होत्या. तो पाठ त्या तिसऱ्यांदा घेत होत्या, वेगवेगळ्या वर्गांवर. चौथ्यांदा तो जिल्ह्यातल्या इतर शाळांच्या शिक्षकांसमोर व्हायचा होता. एका पस्तीस मिनिटांच्या पाठासाठी नऊ माणसांनी पाच आठवडे घालवले होते.

अशा प्रत्येक विषयगटाला तिथे 'च्याओयानझू' म्हणतात, अध्यापनाचा अभ्यास करणारा गट. तो दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बसतो. इतरांना पाहण्यासाठी खुला ठेवलेला पाठ तिथे नेहमीचा आहे. शांघायमध्ये प्राथमिक शाळेतही गणिताचे शिक्षक फक्त गणित शिकवतात. त्या शाळेत त्यांना दिवसाला दोन किंवा तीन तासिका होत्या. उरलेला वेळ वह्या तपासणे, मागे पडलेल्या मुलाला त्याच दिवशी हाताशी घेणे आणि एकमेकांच्या वर्गात बसणे यासाठी होता. उदाहरण थोडे थोडे बदलत नेऊन मुलाला गाभ्यापर्यंत पोहोचवण्याची जी रीत आम्ही त्या पाठात पाहिली, तिचा पद्धतशीर अभ्यास गु लिंगयुआन यांनी १९७७ नंतर शांघायच्या चिंगपू भागात केला, आणि त्या वेळी तिथल्या मुलांची गणितातली अवस्था फार वाईट होती. २००९ आणि २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत शांघायची मुले गणितात जगात पहिली आली, २०१४ पासून इंग्लंडने आपले शिक्षक तिथे शिकायला पाठवले, हे सगळे नंतरचे.

पाठ पुन्हा पुन्हा असा सुधारत नेण्याला चिनी शिक्षक 'मो-ख' म्हणतात. 'ख' म्हणजे पाठ. 'मो' या शब्दाचा अर्थ दुभाषी मुलीने 'घिसना' असा सांगितला, आणि मला तो नीट उमगला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला सुलेखनाच्या वर्गात नेले. तिथे प्रत्येक मुलापुढे काळ्या दगडाची एक उथळ ताटली होती. मुलाने तिच्यावर चमच्याने थोडे पाणी टाकले, शाईची कांडी उभी धरली आणि ती गोल गोल फिरवू लागला. घाई नाही, जोर नाही. पाणी हळूहळू करडे झाले, मग काळे, मग दाट. पाण्यावर कांडी फिरत असताना एक अगदी बारीक, मऊ आवाज येत होता. "हेच ते 'मो'," दुभाषी मुलगी माझ्या कानाशी म्हणाली. तेव्हा मला मराठी शब्द सापडला : उगाळणे. सहाणेवर चंदन उगाळतात, बाळासाठी जायफळ आणि वेखंड उगाळतात, अगदी तसेच. सहाणेचे काम भरभर होत नाही, आणि जोर लावला तर खोड निसटते. माझी आजी रोज पहाटे देवपूजेसाठी गंध उगाळत असे. तो आवाज मी परदेशातल्या त्या वर्गात जवळपास चाळीस वर्षांनी ऐकला.

आम्ही पाहिलेल्या शाळा चांगल्या निवडून दाखवलेल्या होत्या, आणि शांघाय म्हणजे सगळा चीन नव्हे, हे मला लिहायलाच हवे. मुले सकाळी मैदानावर संगीताच्या तालावर कवायत करतात, दुपारी डोळे मिटून डोळ्यांभोवती बोटांनी चोळण्याचा व्यायाम करतात, पाळीपाळीने वर्ग झाडतात. हे पाहून आम्ही सर्वच भारावलो. पण एका संध्याकाळी, साडेआठच्या सुमारास, जेवायला गेलो होतो त्या लहानशा खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर सात-आठ वर्षांची मुलगी गृहपाठ करत होती. तिच्या वहीच्या प्रत्येक घरात फुलीसारख्या दोन रेषांनी चार भाग पाडलेले होते. अक्षराची कोणती रेघ कुठल्या भागात यावी, हे त्यावरून कळते. एकच अक्षर ती ओळीने लिहीत होती. आजी शेजारी बसून तिच्या तोंडात शेवयांचा घास देत होती, म्हणजे हात थांबू नयेत. सहावी संपेपर्यंत अशी सुमारे तीन हजार अक्षरे मुलांना ओळखता यावीत, अशी अपेक्षा असते. ती मुलगी वर न पाहता घास घेत होती. माझा स्वतःचा घास काही वेळ हातातच राहिला.

दुभाषी मुलीने त्या रात्री स्वतःची हकिकत सांगितली. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला, म्हणजे गाओखाओला, ती बसणार होती त्या वर्षी तिच्या आईने नोकरी सोडली आणि शाळेजवळ एक खोली भाड्याने घेऊन ती लेकीसोबत राहिली. वर्षभर आईने घरात मोठ्याने बोलणे बंद केले होते. "आता आठवले की रडू येते," ती म्हणाली, "आईसाठी, स्वतःसाठी नाही."

बीजिंगला आम्ही आगगाडीने गेलो. १३१८ किलोमीटरचे अंतर साडेचार-पाच तासांत सरले. तिथल्या कन्फ्यूशियसच्या मंदिराच्या आवारात १९८ शिलालेख उभे आहेत. युआन, मिंग आणि चिंग या तीन राजवटींत राजदरबाराची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ५१,६२४ जणांची नावे, गावांसह, त्यांवर कोरलेली आहेत. काही दगड इतके झिजले आहेत की नुसते बोट फिरवले तरच अक्षरे लागतात. १९०५ मध्ये ती परीक्षा बंद झाली. सांस्कृतिक क्रांतीत महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षाही बंद पडली होती, ती १९७७ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख तरुण बसले आणि २ लाख ७० हजारांच्या आसपास निवडले गेले. खानावळीतल्या त्या मुलीच्या मागे ही सगळी दगडांची रांग उभी आहे, असे मला त्या आवारात वाटले. जे निवडले गेले नाहीत त्यांची नावे कुठेच नाहीत, हेही वाटले.

परतीच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी सात जण बीजिंगच्या दक्षिणेकडच्या श-च्याच्वांग शहराला जाऊन आलो, कारण सोलापूरच्या दोन शिक्षिकांनी तसा हट्टच धरला होता. तिथल्या हुतात्मा स्मारकात मूळच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांनी रणांगणावर केलेल्या शस्त्रक्रियांविषयी आपण शाळेत शिकवतो. ते वैद्यकीय शाळेत शिकवतही होते आणि त्यासाठी चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले होते, हे मात्र मी माझ्या मुलांना कधी सांगितले नव्हते. सोलापूरच्या त्या बाईंनी येताना घरून मूठभर माती आणली होती. ती त्यांनी समाधीच्या पायथ्याशी ठेवली आणि आम्ही कोणीच काही बोललो नाही.

घरी आल्यावर मी टाचणवही उघडली. पाठटाचण आपण सर्वच लिहितो. पण माझ्या वहीतली अपूर्णांकांची टाचणे गेल्या वर्षीसारखीच, त्याच्या आदल्या वर्षीसारखीच होती. डी.एड.ला असताना सरावपाठांना मार्गदर्शक शिक्षक मागे बसत आणि शेरा लिहीत. त्यानंतर बावीस वर्षांत माझ्या वर्गात मागच्या बाकावर जे कोणी बसले, ते तपासणीसाठी बसले होते. त्यांनी हजेरी, पोषण आहाराची नोंद आणि वह्यांवरच्या सह्या पाहिल्या. मी गोल कधी दाखवते आणि चौकोन कधी, हे कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे मलाही कधी वाटले नाही. आपल्या शिक्षकांकडे वेळ नाही, हे खरेच आहे; मतदारयाद्या, माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे यांत आमचे दिवस जातात, आणि ही व्यवस्था बदलल्याशिवाय शांघायमधले ते टेबल आपल्याकडे सर्वत्र येणार नाही, असे मला ठामपणे वाटते. पण शनिवारची शाळा सकाळची असते. मी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आणि चौथीच्या गुरुजींना विचारले, आणि दोघेही हो म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये शाळाच बंद झाल्या, आणि आमचे नीट सुरू व्हायला २०२२ चा जून उजाडला. ठरले असे : महिन्यातून एक पाठ, एकाने घ्यायचा, दोघांनी मागे बसायचे, आणि शनिवारी दुपारी डबे खाताना फक्त उणिवा सांगायच्या. पहिला पाठ माझा होता. दुसरीचा वर्ग, दशक आणि एकक. मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधले होते. मुलांनी गठ्ठे मोजले, सुट्या काड्या मोजल्या, सगळे छान झाले असे मला वाटले. शनिवारी डबा उघडून मी वही पुढे ओढली आणि विचारले, कुठे कमी पडले? दोघेही गप्प. गुरुजी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग शेजारच्या वर्गाच्या बाई, ज्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला ताई म्हणतात, त्या जरा चाचरतच बोलल्या.

"ताई, राग मानू नका. तुम्ही पंचवीस म्हणता ना, तेव्हा तोंडाने आधी 'पंच' म्हणता आणि हाताने आधी दहा-दहांचे दोन गठ्ठे उचलता. प्रत्येक संख्येला तसंच झालं. पुढच्या बाकावरचा तो लहान मुलगा एकदा तुमच्या तोंडाकडे बघत होता, एकदा हाताकडे."

मी पेनचे टोपण काढले आणि ते लिहून घेतले.